दोन फळ्यांचा वर्ग

शमीम आपा,

तुमच्या मयताला मी आले होते. पण दारापर्यंत येऊनही आत यायला मला फार वेळ लागला. बाहेर नळापाशी उभी राहिले. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. गावातल्या बाया येत होत्या, डोळे पुसत बाहेर पडत होत्या. सात महिने मी तुमच्या घराची पायरी चढले नव्हते आणि आता चढायची, तर 'ये गं' म्हणायला तुम्ही नव्हतात. शेवटी गफूरभाईंनीच मला पाहिलं. तुमचे मिस्टर माझ्याशी एरवी 'बरं आहे ना बाई' याच्यापुढे कधी बोलले नाहीत. त्या दिवशी ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आत जा बाई. तिला न्यायला अजून वेळ आहे."

मी आत आले. तुमच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे क्षणभर चेहरा दुसऱ्याच कुणाचा वाटला. चौदा वर्षांत तुम्हाला चष्म्याशिवाय मी पाहिलंच नव्हतं. कुणीतरी मला बसायला जागा करून दिली. मला रडू आलं नाही. आजूबाजूच्या बाया माझ्याकडे बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. गावात सगळ्यांना माहीत होतं की आपण दोघी बोलत नाही.

माझी पहिली नेमणूक या गावात झाली तेव्हा मी कोपरगावकडून आले होते. कालव्याच्या पाण्यावर वाढलेली मुलगी. इथला उन्हाळा पाहून पहिल्या आठवड्यातच बदलीचा अर्ज लिहायला बसले होते. एकाच आवारात दोन शाळा. आमची मराठी, तुमची उर्दू. मधे एक कडुनिंब, एक नळ आणि खिचडीची एक शेड. तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात, अर्ज वाचलात आणि म्हणालात, "अक्षर सुंदर आहे गं तुझं. फळ्यावर वापर, अर्जात कशाला वाया घालवतेस?" मग डब्यातली अंबाडीची भाजी माझ्या डब्यात वाढलीत. अर्ज मी फाडला नाही, पण दिलाही नाही.

तुम्ही मला 'सुनंदा, तू' म्हणायचात, मी तुम्हाला 'आपा, तुम्ही'. ते पहिल्या दिवसापासून ठरल्यासारखं झालं.

माझी लेक मानसी अडीच वर्षांची असताना सांभाळायला कुणी नव्हतं. तिचे बाबा साखर कारखान्यात, शनिवारी यायचे. मी तिला शाळेत आणायचे आणि ती माझ्या वर्गात बसायचीच नाही. तुमच्या पहिलीत जाऊन पुढच्या ओळीत मांडी घालायची. साडेचार वर्षांची झाली तोवर ती स्वतःचं नाव उर्दूत लिहायला लागली. मराठीत तिला 'म' सुद्धा येत नव्हता. सासूबाई सुट्टीत आल्या आणि पाटी बघून घाबरल्या. "अगं, ही उलटीकडनं काय लिहिती?" मी तुम्हाला ओशाळून सांगितलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "सांग त्यांना, महिनाभरात सुलटीकडनंही लिहील." आणि खरंच, तिला मराठीत नाव लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. आता ती नगरला कॉलेजात अकरावीला आहे. तुमची बातमी मीच तिला फोनवर सांगितली.

मग रस्ता मोठा झाला. गोदामं आली, पत्र्याच्या शेड आल्या. गावाबाहेरच्या पडीक रानात भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या आणि त्यात कुठून कुठून माणसं आली. मराठवाड्यातली, खान्देशातली, पार उत्तरेकडची. दर जूनमध्ये दारात पालक उभे. एक बाप मला आठवतो, जामखेडकडचा, मुलीचा हात घट्ट धरून म्हणत होता, "बाई, खाली बसंल, कोपऱ्यात बसंल, पन घ्या." तुम्हीही कुणाला नाही म्हणाला नाहीत, मीही नाही. दोन्ही शाळांना मिळून खोल्या पाचच. व्हरांड्यात वर्ग, कडुनिंबाखाली वर्ग, खिचडी झाली की शेडमध्ये वर्ग. त्यानंही भागेना, तेव्हा तुम्ही मधल्या मोठ्या खोलीत दुसरा फळा लावून घेतलात. तुमची तिसरी पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून, माझी दुसरी पश्चिमेच्या. मुलांच्या पाठी एकमेकांना लागलेल्या.

पहिल्या दिवशी नुसता गोंगाट. मी डोकं धरून बसले. तुम्ही म्हणालात, "साधं आहे. माझे वाचतील तेव्हा तुझे लिहितील. तुझे वाचतील तेव्हा माझे लिहितील." आणि एक टाळी ठरवलीत. टाळी वाजली की एक वर्ग गप्प, दुसरा सुरू. सहा वर्षं आपण तसं शिकवलं. तुमच्या मुलांना आमच्या कविता पाठ झाल्या आणि माझ्या मुलांना तुमचे पाढे. केंद्रप्रमुख तपासणीला आले, त्यांनी माझ्या दुसरीला विचारलं, नऊ सक किती? आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नौ छक्के चौवन!" साहेब माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही मागे वळलाही नाहीत. फळ्यावर लिहिता लिहिता म्हणालात, "साहेब, उत्तर बरोबर आहे ना?"

त्या खोलीत उकडायचं, मुलं पेंगायची, पावसात कोपरे गळायचे. ती खोली चांगली होती असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही असं म्हटलेलं आवडायचं नाही. "गरिबीचं कौतुक करू नकोस," म्हणायचात. "मुलांना हातपाय पसरायला जागा पाहिजे."

आणि मग जागा आली. नवी इमारत मंजूर झाली, चार खोल्यांची. व्हरांड्यात बैठक भरली. तुम्ही एका पाठकोऱ्या कागदावर आराखडा काढून आणला होतात. दोन खोल्या मराठीला, दोन उर्दूला, समोर एकच व्हरांडा. जुन्या इमारतीतल्या त्यातल्या त्यात बऱ्या खोल्याही निम्म्या निम्म्या. लोक ऐकून घेत होते. मग आमच्या समितीतले एकजण म्हणाले, "उर्दूला जुनी बिल्डिंग हाय की. नवी मराठीला घ्या. आमची पोरं लई झाली." मला वाटलं, तुमच्या बाजूचं कुणी उठेल. उठलेही, पण ते म्हणाले, "आपा, एका छपराखाली नको. आज खोली एक, उद्या शाळा एक करतील. आपली जुनी असू दे, पण वेगळी असू दे." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. सरपंच म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या हेडबाई. तुमचं काय म्हननं?"

आपा, त्या क्षणी मला काय काय दिसत होतं ते सांगते. पहिलीचा वर्ग, ज्यात चालायला वाट उरली नव्हती. खिचडीच्या शेडमध्ये धुरात बसलेली चौथी. आणि चार स्वच्छ खोल्या, ज्यात ती सगळी मुलं मावली असती. मी म्हणाले, "पट बघून ठरवा."

पट आमचाच जास्त होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दोन मिनिटांत ठराव झाला. तुम्ही तुमचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवलात आणि सगळ्यांच्या आधी उठलात.

दुसऱ्या दिवशी टाळी वाजवायच्या आधी तुम्ही मला म्हणालात, "तू खोटं बोलली असतीस तर मी भांडले असते. तू खरं बोललीस, पण अर्धंच." उरलेलं अर्धं काय, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. माझी मुलं उन्हात बसत होती तशी तुमचीही बसत होती. मी माझी मोजली.

तरीही इमारत होईपर्यंत आपण बोलत होतो. तुम्ही बांधकाम बघायला यायचात, खिडक्या खाली घ्या म्हणून मिस्त्रीशी वाद घालायचात. "लहान मुलांना बाहेर दिसलं पाहिजे, नाहीतर खोली कशाला, डबा बांधा." त्या नव्या खोल्यांच्या खिडक्या खाली आहेत त्या तुमच्यामुळे. त्यातली एकही तुमच्या वर्गाला मिळणार नव्हती, हे माहीत असून तुम्ही भांडलात.

जूनमध्ये आम्ही नव्या इमारतीत गेलो. त्याच महिन्यात, एका रविवारी, जुन्या इमारतीच्या छताचा गिलावा बाकांवर पडला. शाळा नव्हती म्हणून कुणाला लागलं नाही. इंजिनिअर आले, जुन्या पाचही खोल्यांवर लाल रंगाने 'धोकादायक' लिहून गेले. तुमची शाळा एका दिवसात रस्त्यावर आली. ख्रिस्ती वस्तीतले डॅनियल काका किल्ली घेऊन तुमच्याकडे आले. "आपा, आमचा प्रार्थनेचा हॉल रविवार सोडला तर रिकामाच ऱ्हातो. पोरं घेऊन या." तुम्ही गेलात. चार वर्ग, एक हॉल, आणि मधे मोठा रस्ता.

तो रस्ता मला माझ्या खिडकीतून दिसायचा. रोज सकाळी आणि दुपारी तुम्ही छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या. उसाच्या ट्रॉल्या, कंपन्यांच्या बस, घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी गायी-म्हशींनी भरलेले टेम्पो. छत्री आडवी धरून तुम्ही गाड्या थांबवायचात आणि मुलं एकमेकांचा हात धरून पलीकडे जायची. डॉक्टरांनी तुम्हाला जिना चढू नका, उन्हात उभ्या राहू नका असं सांगितल्याचं मला त्याच सुमारास कळलं. मी खिडकीपाशी उभी राहून बघायचे. एकदाही रस्ता ओलांडून आले नाही.

तुम्ही मला चिठ्ठी पाठवलीत. वहीच्या पानावर, तुमच्या त्या जरा तिरक्या मराठीत. "सुनंदा, सकाळच्या वेळेत दोन खोल्या दे. तुझी शाळा भरायच्या आधी आम्ही जाऊ. झाडून देऊ." एवढंच.

मी घाबरले, आपा. समिती काय म्हणेल, वरून कोण विचारील, नवी इमारत आहे, काही तुटलं तर सही माझी आहे. खरं तर चारही खोल्या सकाळी रिकाम्याच असायच्या. मी चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर द्यायला हवं होतं. मी शाळेच्या छापील कागदावर पत्र लिहिलं. प्रति, मुख्याध्यापिका. विषय, संदर्भ. 'वरिष्ठ कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय वर्गखोल्या वापरास देता येणार नाहीत.' वर जावक क्रमांक टाकला, खाली शिक्का मारला. जिच्या डब्यात मी चौदा वर्षं जेवले, तिला मी जावक क्रमांक टाकून पत्र पाठवलं.

तुमचं उत्तर आलं नाही. त्यानंतर एक भेट सोडली तर आपण बोललो नाही.

त्या दिवशी तुमच्या घरून निघताना गफूरभाई म्हणाले, "तुमचं पत्र तिनं दाखवलं होतं मला." मी मान खाली घातली. ते म्हणाले, "म्हणाली, बघा, हिचं अक्षर अजून तसंच आहे." आपा, तुम्ही रागावला असतात तर मला घरी जाता आलं असतं. हे ऐकून मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही.

एकदा भेट झाली होती, तुम्ही जायच्या दोन आठवडे आधी. एसटी स्टँडवर. तुम्ही नगरला दवाखान्यात निघाला होतात, मी प्रशिक्षणाला. बाकावर जागा एकच होती, तुमच्या शेजारची. तुम्ही पिशवी उचलून मांडीवर घेतलीत. पेरू काढलात, रुमालाने पुसलात, अर्धा मला दिलात. मानसी कशी आहे विचारलंत. गुडघ्यांबद्दल बोललात. मग म्हणालात, "खिडक्यांतून वारा येतो का गं?"

मी म्हणाले, "येतो चांगला."

"मुलांना बाहेरचं दिसतं?"

"दिसतं."

"एकदा बघायला येते. वार्षिक परीक्षा झाल्या की."

उद्याच या, मुलांना घेऊन या. हे पाच शब्द माझ्या तोंडात होते. तेवढ्यात गाडी लागली. तुम्हाला पुढे जागा मिळाली, मला मागे. नगरला उतरल्यावर गर्दीत तुम्ही दिसला नाहीत. मी मनात म्हटलं, परीक्षा झाल्यावर तर येणारच आहेत.

तुम्ही कशा गेलात हे मला अल्फियाने सांगितलं. तुमच्या चौथीतली, लांब वेण्यांची. हॉलमध्ये तुम्ही पहिलीला वाचायला लावलंत, बाकीच्यांना शुद्धलेखन दिलंत आणि खुर्चीत बसलात. मान एका बाजूला झुकली. मुलांना वाटलं, आपांचा डोळा लागला. तब्येत बरी नाही हे त्यांना माहीत होतं. पहिलीतल्या पोरांनाही मोठ्यांनी ओठावर बोट ठेवून गप्प केलं. एका जागेत चार वर्ग सांभाळायला तुम्ही त्यांना शिकवलं होतं, दुसऱ्याला त्रास होईल असा आवाज करायचा नाही. मुलं तशीच बसून राहिली. शुद्धलेखन पूर्ण झालं, मग त्यांनी पाढे लिहायला घेतले. कितीतरी वेळाने डॅनियल काका पाण्याचा हंडा भरायला आले, तेव्हा समजलं. अल्फिया मला म्हणाली, "बाई, आम्ही अजिबात आवाज केला नाही." तिला वाटत होतं, मी शाबासकी देईन.

तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. मंजूर आहे, येतील, असं उत्तर मिळतं. तुमच्या हाताखाली ज्या एक तरुण मॅडम होत्या त्यांची बदली दिवाळीतच झाली होती, त्यामुळे मुलांना आता कुणीच नाही. दोन दिवस हॉल बंद होता. सोमवारी मी सकाळी लवकर आले आणि नव्या इमारतीच्या दोन खोल्या उघडल्या. कुणाला विचारलं नाही, पत्र लिहिलं नाही. मग रस्ता ओलांडून गेले. डॅनियल काकांच्या मदतीने मुलं या बाजूला आणली. समितीतले ते गृहस्थ दहाच्या सुमाराला आले, दारात उभे राहिले, आत बघितलं आणि निघून गेले. इतकं सोपं होतं ते, आपा. सात महिने मी ज्याला घाबरत होते, ते एवढंच होतं.

मी तुमचं हजेरीपुस्तक उघडलं. उर्दू मला बोलता येतं, वाचता येत नाही. अल्फियाला जवळ बोलावलं. ती एकेक नाव वाचायला लागली आणि मी समोरच्या चटयांकडे बघायला लागले.

"सानिया."

कुणी 'हाजिर' म्हणालं नाही.

"ती घरी असते, बाई. रस्ता लई मोठाय म्हणून तिची अम्मी पाठवत न्हाई."

"अरमान."

"तो इंग्लिशला गेला. पिवळ्या बसमधी जातो."

"मुस्कान. बाई, तीबी घरीच. लहान भावाला बघती."

"जुनेद. ते लोक गाव सोडून गेले."

ती वाचत होती, सांगत होती. काही नावांना 'हाजिर' मिळत होतं, पण थोड्याच. पानं उलटत होती. मला वाटलं होतं, चार वर्ग आहेत, दोन खोल्यांत दाटी होईल, म्हणून मी व्हरांड्यातही सतरंज्या घालून ठेवल्या होत्या. मुलं एका खोलीत बसली आणि मागच्या तीन ओळी मोकळ्या राहिल्या.

तिथे मला रडू आलं. सगळ्यांसमोर. जागा पुरावी म्हणून आपण इतकी वर्षं सरकारला अर्ज केले, लोकांना भेटलो, एकमेकींशी अबोला धरला. आणि जागा पुरली ती अशी.

मी डोळे पुसले. अल्फियाने हजेरीपुस्तक मिटलं आणि हळूच विचारलं, "बाई, माझी धाकटी बहीण जूनमधी पहिलीत येणार हाय. अब्बा म्हनतात, उर्दू शाळा ऱ्हाते का न्हाई ते बघू. आणू का तिला?"

मी म्हटलं, "आण."

दुसऱ्या दिवशी ती तिला घेऊनच आली. जूनपर्यंत थांबायला ती तयार नव्हती, असं अल्फिया म्हणाली. पाच वर्षांची आहे, आपा. नाव इकरा. खिडकीपाशी बसते, बाहेर ट्रॉल्या गेल्या की मोजते. कालपासून माझ्याकडे पाटी घेऊन येते आणि म्हणते, पहिलं अक्षर काढून द्या. मला ते येत नाही. मी तिला सांगते, थोडं थांब, तुझ्या बाई येणार आहेत.